गॉबनित आत्याचं नाव

टाईग लूसीनं अर्धवट ऐकलं आणि पुरं करून दाखवलं, सगळा घोळ तिथून झाला. लूसींच्या घरात जन्म असो वा मरण, बातमी पेट्यांतल्या मधमाश्यांना जाऊन सांगायची रीत होती. नाही सांगितली तर माश्या रुसून निघून जातात म्हणे. टाईगची चौऱ्याऐंशी वर्षांची गॉबनित आत्या हे काम नेमानं करी. एकदा कुंपण ठोकताना टाईगनं तिचं बोलणं ऐकलं. "बायांनो, या नावाची मीच शेवटची. माझ्याबरोबर हेही जाणार."

त्याला गलबलून आलं. पुढचं न ऐकताच तो घरी गेला.

बायको ब्रीडीला दिवस गेले होते, आणि मुलगी झाली तर तिला आपल्या वारलेल्या आईचं, नोराचं, नाव द्यायचं तिनं ठरवलं होतं. टाईगनं तिच्यामागे धोशा लावला. गुरं चोरणाऱ्यांवर मधमाश्या सोडणारी संत गॉबनित आपली, तिची पवित्र विहीर आपल्या गावात, आणि गावात त्या नावाची एक पोर नसावी? नावाचा अर्थ विचारायला तो फादरकडेही गेला. बहुधा लोहाराशी संबंध असावा, पण जाणकारांचं एकमत नाही, असं फादर म्हणाले. ब्रीडी दोन दिवस रडली आणि कबूल झाली. आत्याला मात्र कुणी काही सांगायचं नाही, असं ठरलं.

मुलगीच झाली. बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, फादरनी नाव उच्चारलं आणि आत्याचा चेहरा उतरला. घरी चहाच्या वेळी तिनं विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या," टाईग म्हणाला. "नाव तुझ्याबरोबर जाणार, असं तूच माश्यांना सांगत होतीस ना?"

"अरे, सुटले म्हणून सांगत होते मी."

मग सगळं बाहेर आलं. शाळेत पोरं तिला लोहारीण म्हणत, भाता फुंकून दाखवत. नाचाच्या हॉलमध्ये डेनिस नावाच्या मुलाला तिनं आपलं नाव ॲबी सांगितलं होतं. चौथ्या रविवारी बहिणीनं खऱ्या नावानं हाक मारली आणि तो हसला. आत्या त्या हॉलमध्ये परत गेली नाही.

किटली हातात धरून ब्रीडी म्हणाली, "म्हणजे माझ्या आईचं नाव मी उगाच सोडलं."



ऊन कलल्यावर आत्या पेट्यांकडे गेली. टाईगही मागोमाग गेला आणि या खेपेला शेवटपर्यंत थांबला.

"बायांनो, घरात पोर आलीय. नाव गॉबनित." आत्यानं पेटीवर हात टेकला. "तो नुसता हसला होता गं. लाजले ती मीच. हिला लाजू देऊ नका."

वळली तर समोर टाईग.

"ऐकलंस ना पुरं? आता बायकोला जाऊन सांग, पोरीला घरात नोरा म्हणा."

"आणि गॉबनित?"

"ते मी म्हणेन. जन्मभर त्या नावाला नुसती ओ दिली रे, त्या नावानं कुणाला हाक कधी मारली नाही. आता मारून बघते."