कापड परत हवं

तिळवेकाकांनी दिलेली भेट कधीच पुरती आपली होत नसे. आतली वस्तू आपली, वरचं कापड त्यांचं. नारळ असो, पपई असो, नाहीतर माझ्या मुलीसाठी आणलेली कंपासपेटी, काका ती चौकोनी जपानी कापडात झोकदार गाठ मारून आणत आणि दारातच बजावत, "कापड परत हवं हं! घाई नाही, मीच येईन न्यायला."

इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते दोन मजले वर एकटेच राहत. काकू गेलेल्या, मुलगा कॅनडात. जपानी कंपनीत तीस वर्षं काढून माणसाने काय कमावलं, तर फुरोशिकी, म्हणजे ही कापडं, असं मी चारचौघांत सांगून हशा मिळवत असे.

रविवारी मी पेपर उघडला रे उघडला की बेल. "बाबा, क्लॉथ अंकल केम अगेन, लाह!" लेक इथल्या इंग्रजीत ओरडायची. काका बसत, पोहे खात, एका कापडाची घडी घालायला तासभर लावत. आमच्याकडे पाच साठली तरी नेत एकच. "बाकीची पुढच्या रविवारी. ओझं होतं रे." रुमालाएवढ्या कापडांचं ओझं!

शेवटी मी शहाणपणा केला. पाचही कापडं धुऊन, इस्त्री करून, सुपरमार्केटच्या पिशवीत घालून वर नेऊन दिली. "काका, तुमची फेरी वाचवली!"

"सगळी आणलीस?" त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मागे टेबलावर आमच्यासाठी पपई बांधून ठेवलेली होती. त्यांनी गाठ सोडली आणि नुसती पपई माझ्या हातात दिली. "घे. पिकलीय."

ती पपई धरून लिफ्टमध्ये उभा राहिलो तेव्हा कळलं, हा माणूस कापडासाठी येतच नव्हता. आपल्याकडे शेजाऱ्यांचा डबासुद्धा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी पाच कापडं रिकामी देऊन आलो होतो.

पुढे रविवारी बेल वाजली नाही. वर जाऊन 'या' म्हणायची मला लाज वाटे. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता काका फ्लॅट विकून मुलाकडे निघाले. निरोपाला मी करंज्यांचं खोकं बायकोच्या ओढणीत बांधून नेलं. गाठ धड जमली नव्हती. म्हटलं, "काका, ओढणी परत हवी हं. घाई नाही."

काका हसले. गाठ सोडली, नेहमीसारखी सावकाश घडी घातली आणि ओढणी तिथल्या तिथे माझ्या हातात दिली.

"तुझी फेरी वाचली," म्हणाले.