डोळे मिटून पाणी

एका जंगलात एक नदी होती, नदीत एक मगर होती आणि काठावर तहानलेल्या हरणांचा कळप होता. म्हणजे अर्धी गोष्ट तुम्हाला आताच कळली, बाळांनो. उरलेली अर्धी मी सांगतो. मध्येच प्रश्न विचारू नका. मला आधीच या हरणांचा राग आलाय.

म्हातारा शिंगोजी हा कळपातला सगळ्यात वयस्कर. एका उन्हाळ्यात त्याचे डोळे आले. लाल झाले, चिकटू लागले, पाण्यावरची चकाकी सोसेना. म्हणून तो आठवडाभर डोळे मिटून पाणी प्यायला. मगरीने त्याला काही केलं नाही. तिने नुकतंच एक अख्खं रानडुक्कर गिळलं होतं. तिच्या पोटात ढेकर मावायलाही जागा नव्हती.

रानडुक्कर कुणी पाहिलं नव्हतं. मिटलेले डोळे सगळ्यांनी पाहिले.

"बघा, बघा!" माळूआत्या म्हणाली. "डोळे मिटले की मगर शिवत नाही."

माळूआत्या ही कळपाची पुढारीण. तिला कुणी निवडलं नव्हतं, पण तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

"अगं, माझे डोळे आलेत," शिंगोजी म्हणाला.

"किती तो साधेपणा!" आत्या म्हणाली.

शिंगोजीने कपाळाला हात लावला असता, पण हरणांना हात नसतात. अस्वल वैदूने त्याला डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी डोळ्यांना लावायला सांगितलं होतं. तो तिकडे निघून गेला.

इकडे खाली कळप डोळे मिटून पाणी पिऊ लागला. सशांनी तीन दिवसांचं शिबिर भरवलं. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि गाजराचा शिरा. डोळे उघडे ठेवणाऱ्याला कळपाबाहेर काढायचं, असा ठरावही झाला.

पहिल्या महिन्यात तीन हरणं मगरीच्या पोटात गेली.

"त्यांनी नीट मिटले नसतील," आत्या म्हणाली.

आता आपण पोवळीकडे येऊ. पोवळी ही शिंगोजीची लेक. तिला एक पाडस होतं, बुंदी नावाचं. पोवळीला बुंदीला जगवायचं होतं आणि कळपातही राहायचं होतं. आई झाली की दोन्ही लागतं.

मगरीचा खडक उजव्या हाताला होता. पोवळीने विचार केला आणि एक दिवस फक्त डावा डोळा मिटला. उजवा उघडा. उजवीकडच्या रांगेवरून तिने हळूच नजर फिरवली. ज्याचा त्याचा तिच्या बाजूचा डोळा मिटलेला! सगळे कसे मनोभावे पीत होते. पोवळीला स्वतःची लाज वाटली. पण उजवा डोळा तिने मिटला नाही.

बुंदी तिच्या उजव्या अंगाला उभी असायची.

"डोळे मीट गं," पोवळी म्हणाली.

"तुझा तर हा उघडाच आहे," बुंदी म्हणाली.

"गप्प! मग तूही तसंच कर. पण कुणाला सांगायचं नाही."

बुंदी लगेच शिकली. मुलं सांगितलेलं विसरतात आणि पाहिलेलं विसरत नाहीत. तुम्ही माझ्याकडे असं काय बघताय?

थंडीत शिंगोजी परत आला. डोळे अगदी लख्ख झाले होते. नदीवर आला आणि चांगले टक्क डोळे उघडून पाणी प्यायला. कळपात एकच गलका झाला.

"शिंगोजी, आपल्या पूर्वजांची रीत मोडता?" आत्या कडाडली.

"कोण पूर्वज?"

"तुम्हीच!"

दुपारी शिंगोजी पोवळीजवळ येऊन बसला.

"पोरी, तू खरंच दोन्ही मिटतेस? भीती नाही वाटत?"

पोवळीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चार पावलांवर माळूआत्या चरत होती आणि तिचे कान इकडेच वळलेले होते.

"सवय होते, आबा," पोवळी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिंगोजी रांगेच्या डाव्या टोकाला, लेकीशेजारी उभा राहिला. त्याने उजवीकडे पाहिलं. पोवळीचा डोळा मिटलेला. तिच्यापलीकडे सगळ्यांचेच मिटलेले. आपल्या एका दुखण्यावर ही पोरं एवढा विश्वास ठेवतात, आणि आपणच भितो, असं त्याला वाटलं. त्याला भरून आलं. त्याने दोन्ही डोळे मिटले, अगदी मनापासून.

आता मगरीचं ऐका. ती कित्येक महिने समोरून हे बघत होती. समोरून तिला सगळ्यांचे उजवे डोळे उघडे दिसत. एकूण एक. तिची पार उपासमार झाली होती. त्या नदीवर नीट बघून नीट शिकणारी ती एकटीच. त्या दिवशी ती पाण्याखालून डाव्या टोकाला आली.

पोवळीला फक्त आवाज ऐकू आला. बापाच्या बाजूचा डोळा तिने मिटला होता. तो दाखवायचा डोळा होता.

"आदल्या दिवशी उघडे ठेवले होते ना," कळपाने मान हलवली. "त्याचंच फळ."

"आई, आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं का?" बुंदीने विचारलं.

"काय?"

"उजवा उघडा ठेवायचा ते. सगळेच ठेवतात की. मी एकदा पाण्यात पुढे गेले होते, तेव्हा वळून पाहिलं. आत्याचासुद्धा उघडा होता."

पोवळी रडली. बापासाठी रडली आणि आपण काल जे बोललो त्यासाठीही रडली. उद्या सगळ्यांसमोर सांगायचं, असं तिने ठरवलं.

सकाळी कळप नदीवर जमला. आत्या दोन शब्द बोलली. "शिंगोजींनी शेवटच्या क्षणापर्यंत डोळे मिटलेले ठेवले. त्यांना वंदन करून सगळ्यांनी मिटूया." कित्येकांना हुंदका आवरेना. पोवळीने तोंड उघडलं. आत्याने तिच्याकडे पाहिलं. पोवळीने तोंड पाण्याला लावलं.

आता डाव्या टोकाला तीच होती. आणि मगर डावीकडून येते, हे ती काल शिकली होती. म्हणून तिने आज डावा डोळा उघडा ठेवला आणि उजवा मिटला.

उजवीकडे बुंदी उभी होती. तिने आईकडे पाहिलं. आईचा डोळा मिटलेला होता. बुंदी सगळं आईचं बघूनच शिकत आली होती. तिने दोन्ही डोळे घट्ट मिटले.

त्या दिवशी काही झालं नाही. मगरीचं पोट भरलेलं होतं.

"बघा!" माळूआत्या म्हणाली.

तात्पर्य: पाणी नेहमी डोळे मिटूनच प्यावे. अगदीच भीती वाटली, तर एक डोळा मिटला तरी चालतो. फक्त तो आपल्या माणसांच्या बाजूचा असावा.