वायर लूज हाय, साहेब

पुढारी गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं सोडून स्वतःबद्दल बोलायला लागला, की आमच्या सोपानआप्पांचा उजवा हात हळूच अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. आवाज निम्मा होतो. पुढारी माइकवर टिचक्या मारतो, मागे वळून बघतो. आप्पा मख्ख चेहऱ्यानं सांगतात, "वायर लूज हाय, साहेब." पुढारी पुन्हा गेलेल्या माणसावर आला, की वायर आपोआप घट्ट होते.

हे सगळं चालतं दशक्रियेच्या घाटावर. आमच्या मांडवगणाला भीमा नदी आहे. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. कुठल्याही तीरावर कुणी गेलं, की दहाव्या दिवशी सकाळी मंडप, खुर्च्या, प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. निवडणूक जवळ आली की वक्ते वाढतात. एकदा तर पिंडाला शिवायला आलेले कावळे कंटाळून निघून गेले होते.

आप्पांना या कामावर कुणी नेमलेलं नाही. मंडप आणि स्पीकर त्यांच्या पुतण्याचे, नितीनचे. नितीन खुर्च्या मांडत असतो तोवर आप्पा बटनाशेजारी बैठक मारून मोकळे. पांढरी टोपी, हातात तंबाखू, कान वक्त्याकडे.

मी गावातल्या शाळेत शिक्षिका. कुणाकडेही कार्य असलं की सामानाची यादी माझ्याकडून करून घेतात, लग्न असो की दहावा. त्यामुळे घाटावर माझं येणंजाणं असतं. सातवीला नागरिकशास्त्रही मीच शिकवते. म्हणून एकदा आप्पांना विचारलं, "आप्पा, चांगला पुढारी ओळखायचा कसा?"

"तुमच्या पुस्तकात काय दिलंय?"

"प्रामाणिक असावा. कार्यक्षम असावा. दूरदृष्टी असावी."

"हे तर समद्यांच्याच फ्लेक्सवर लिवलेलं आसतंय, बाई." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "दहाव्याला बघायचं. गाडीतनं उतरला की पयलं कुठं जातो? खुर्चीकं का घरच्यांकं? मंग गेलेल्याचं नाव कुनाला इचारतो? नाव म्हाईत नसनं हा गुन्हा न्हाई. पर घरच्यांना इचारलं तर मानूस हाय. माइककडं जाता जाता कार्यकर्त्याच्या कानात इचारलं, तर तो गेला म्हनायचा. त्याचाच दहावा घाला."

"आणि मी बोलणार नाही, नुसता बसतो, असं म्हणाला तर?"

"मंग डोळं झाकून मत द्यायचं. पर तसला उभाच ऱ्हात न्हाई. ऱ्हायला तर पडतो."

आप्पांच्या परीक्षेत बहुतेक सगळे नापास. एका साहेबांनी बसल्या जागी फोनवर कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आप्पांनी त्यांच्या भाषणाला सुरुवातीपासूनच वायर लूज ठेवली. दुसरे एक जण घाईघाईत शेजारच्या मंडपात शिरले आणि इथल्या म्हाताऱ्याला वाहायची फुलं तिथल्या म्हातारीला वाहून गेले. "त्यांना काय," आप्पा म्हणाले, "फोटो निघाला म्हंजी मयत निघाली."

लोक हसतात. मीही हसायची. आप्पा बटनाशी का बसतात ते कळलं, तेव्हा हसणं बंद झालं.

आप्पांचा एकुलता मुलगा विलास कारेगावला खोली घेऊन राहायचा, तिथल्या एका कंपनीत कामाला होता. रात्रपाळी संपवून मोटारसायकलवरून गावाकडे येताना त्याला टँकरनं उडवलं. शवविच्छेदनाची कागदपत्रं, पोलिसांचा पंचनामा, शववाहिका मिळवणं हे सगळं रमाताईंनी केलं. रमाताई आमच्या बौद्धवाड्यातल्या, तेव्हा पंचायत समितीच्या सदस्य होत्या. दिवसभर दवाखान्याच्या पायरीवर बसल्या, ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी भांडल्या आणि विलासला घेऊनच गावात आल्या. दहाव्याला त्यांचं नाव पुकारलं, तर मागच्या रांगेतूनच हात जोडून मान हलवली. बोलल्या नाहीत.

बोलले ते भाऊसाहेब. तालुक्यातलं मोठं प्रस्थ. पद सांगत नाही, कारण ते बदलत असतं. सुरुवात त्यांनी विलासपासूनच केली. विलासवरून रस्त्यावर आले, रस्त्यावरून निधीवर. शेवटी मूठ उंचावून म्हणाले, "हा रस्ता मी चौपदरी करून दाखवणार!"

आणि टाळ्या वाजल्या.

सवयीनं वाजल्या असतील. पुढे कार्यकर्ते बसले होते, त्यांनी सुरू केल्या, मागच्यांनी ओढल्या. पोर ज्या रस्त्यावर गेलं, त्या रस्त्यासाठी पोराच्या दहाव्याला टाळ्या. बायकांत बसलेल्या कौसल्याकाकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, तोंडातला पदर काढून वर बघितलं. आप्पा म्हणतात, ती नजर अजून त्यांच्यावरून हललेली नाही. पुढच्याच दहाव्यापासून आप्पा बटनाशेजारी बसायला लागले.

रमाताई त्यानंतरच्या निवडणुकीत पडल्या. मी म्हटलं, "चांगल्या माणसांचं असंच होतं."

आप्पा चिडले. "ती चांगली व्हती म्हनून न्हाई पडली, बाई. आपन वाईट म्हनून पडली. टाळ्या काय भाऊसायबानं वाजवल्या व्हत्या व्हय?"

यंदा कौसल्याकाकू गेल्या. दौंडच्या दवाखान्यात शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं, पण एक वाक्य पुरं बोलल्या : "माझ्या दहाव्याला टाळी वाजू द्यायची न्हाई."

दहाव्याच्या आदल्या दिवशी आप्पा माझ्याकडे आले. सामानाची यादी मी तयार ठेवली होती : दर्भ, तीळ, पत्रावळी, खुर्च्या. त्यांनी ती बघितलीच नाही.

"दहाव्याचा विधी माझ्या हातनं हाय. मला बटनाला बसता यायचं न्हाई. नितीनला भाऊसायबाच्या सभांची कामं आसत्यात, त्याच्या पोटावर कशाला पाय द्या. तुम्ही बसशाल का?"

"भाऊसाहेब नाही आले तर?"

"इलेक्शन हाय, बाई. येतोय."

भाऊसाहेब आले. मागे गाड्यांची रांग. उतरले ते सरळ खुर्चीकडे गेले. माझं बदलीचं वर्ष आहे, हे मला तेव्हाच का आठवलं कुणास ठाऊक. बटनावर बोटं ठेवून मी बसले. रमाताई बायकांत होत्या, समोर आप्पा मुंडण केलेल्या डोक्यानं, उघड्या अंगानं बसलेले. टोपीशिवाय ते फार लहान दिसत होते.

"कौसल्याबाई म्हणजे साक्षात माउली," भाऊसाहेबांनी सुरुवात केली. माउलीनं आयुष्यभर डोक्यावरून पाणी वाहिलं. पाण्यावरून ते पाणीयोजनेवर आले. आवाज चढला, मूठ वर निघाली. पुढच्या रांगेतल्यांचे हात मांडीवरून उठले. मी बटन फिरवलं.

भाऊसाहेबांनी माइकवर टिचकी मारली, वळून बघितलं आणि गोड हसले. "बाई, कुठल्या शाळेवर आहात आपण?"

"इथल्याच," मी म्हणाले. "वायर लूज आहे, साहेब."

मूठ खाली आली. उठलेले हात पुन्हा मांडीवर गेले. माउलीच्या आत्म्याला शांती चिंतून भाऊसाहेब बसले आणि लगेच घड्याळ बघून उठले. त्यांच्या गाड्या निघून गेल्या.

तेव्हा आप्पा उठले आणि माइकसमोर जाऊन उभे राहिले. हे ठरलेलं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचा आवाज खालीवर करणारा माणूस पहिल्यांदाच माइकच्या या बाजूला आला होता. मी घाईनं बटन उलटं फिरवलं.

"आमची कौसल्या..." आप्पा म्हणाले.

पुढचं काही ऐकू आलं नाही. ओठ हलत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा!" नितीन धावत आला, वायर दाबून बघितली. मी बटनाकडे बघितलं. ते शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. आप्पांचा श्वास तेवढा भोंग्यातून येत होता, नदीच्या पलीकडे जाईल इतका मोठा.

शांतता लांबली तसा एक कार्यकर्ता अवघडला. भाषण संपलं असं समजून त्यानं टाळीला हात उचलले. रमाताई कधी उठल्या, कुठून आल्या, मला दिसलं नाही. त्यांनी त्याची दोन्ही मनगटं धरून खाली घेतली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या, आप्पा माइकपासून परत येईपर्यंत.

मंडप सुटल्यावर मी वायर गुंडाळत होते. आप्पा टोपी घालून आले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बाई, मी बोलत व्हतो तवा बटन खाली ऱ्हायलं व्हतं का?"

"हो आप्पा," मी म्हणाले. "वायरही लूज होती."

"तरीच," आप्पा म्हणाले, आणि वायरचं दुसरं टोक गुंडाळायला बसले.