गुलाबमामांची आलूची खदान

आमच्या गावात कारखाना नाही, तरी रोज सकाळी भोंगा वाजतो. तो गुलाबमामा तोंडाने वाजवतात. दोन्ही हात गालांना लावून, डोळे मिटून, चांगला लांबलचक. मग राजूरच्या कोळशाच्या खाणीतलं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवतात, त्यावरची बत्ती लावतात आणि लख्ख उन्हात वावराकडे ड्युटीवर निघतात.

मामा माझे शेजारी. घर भिंतीला भिंत, वावर धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध. त्यांची सारी नोकरी जमिनीखाली गेली, त्यामुळे जमिनीखालच्या प्रत्येक गोष्टीवर आपला हक्क आहे अशी त्यांची समजूत आहे. विहिरीला पाणी कुठे लागेल, नळाचा पाइप कुठे फुटला, सगळं ते सांगतात. "वरचं कोणीबी पाह्यते. खालचं मले विचार," हे त्यांचं ब्रीद. आम्ही विचारतो. उत्तर बहुतेक वेळा चुकतं, पण मामांचा ठामपणा जराही कमी होत नाही.

रिटायर झाल्यावर, गेल्या दिवाळीत त्यांनी जाहीर केलं की सोयाबीन निघालेल्या वावरात आलू लावायचा. आलू म्हणजे बटाटा. मारेगावपासून मुकुटबनपर्यंत जिकडे बघावं तिकडे कापूस. आलू आमच्याकडे आठवडी बाजारातून पिशवीत येतो, त्याआधी तो कुठे असतो याचा विचार कुणी केलेला नव्हता.

"मामा, आपल्या काळ्या जमिनीत येईल काय आलू?" मी विचारलं.

"कापूस झाडावर दिसते म्हणून तुले भरोसा वाटते. आलू खाली रायते सुधाकर, अन् खालचं मले विचार. हा धंदा हाय, शौक नाई."

बियाणं आणायला ते थेट छिंदवाड्याकडे गेले, मामींच्या भावाच्या वावरात. मामी तिकडच्या. दर शिमग्याला त्या भावाकडे आलू खोदायला जायच्या. येताना थैलीभर आलू आणायच्या आणि महिनाभर पुरतील इतक्या गोष्टी. गुडघे गेल्यापासून त्यांना बसची पायरी चढवत नाही. मागचे दोन शिमगे त्या ओसरीवरच बसून होत्या, आणि बोलायचं जवळजवळ विसरून गेल्या होत्या. मामांना बियाण्याचं विचारलं तर म्हणाले, "तिकडचं बियाणं कडक असते. दुसरं काही नाई."

लागवडीच्या दिवशी मामांनी मजूर बायांची पाळीप्रमाणे हजेरी घेतली. सगळ्यांना हेल्मेट द्यायचा त्यांचा विचार होता, पण हेल्मेट एकच असल्यामुळे तो बारगळला.

पाला हिरवागार वर आला आणि गावाची करमणूक सुरू झाली. जो तो धुऱ्यावर उभा राहून विचारायचा, "मामा, पाला तं दिसून राह्यला, माल कुठी हाय?" मामांना हे फार लागलं. त्यांनी सरीच्या तोंडाशी कमरेइतका खड्डा खणला, माती ढासळू नये म्हणून खाणीसारखे लाकडी टेकू दिले आणि आत बसून बत्तीच्या उजेडात सरीची माती बाजूने खरवडली. आवळ्याएवढे आलू दिसले. मग येईल त्या माणसाला खड्ड्यात उतरवून दर्शन देणं सुरू झालं. काही दिवसांनी ते उघडे आलू हिरवे पडले. मामांना वाटलं, ताजेपणा. एक तोडून त्यांनी मोठ्या ऐटीत मामींपुढे धरला.

मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नुसतं एकदा वर बघितलं. "ऊन दाखवलं काय त्याले? हिरवा आलू खात नाई. अंधारात राहू द्या, माती चढवा."

"तेच म्हणून राह्यलो मी," असं म्हणून मामा फावडं घेऊन गेले आणि खड्डा त्याच दिवशी बुजला.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते मला ओसरीवर बोलवायचे आणि मामींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "सुधाकर, आता पाणी द्याव का थांबाव?" मी कापूसवाला, मला काय कळणार? तांदळाच्या सुपातून उत्तर यायचं, "थांबा. जमीन ओली हाय, सडन." मामा माझ्या पाठीवर थाप मारायचे. "बरोबर बोलला तू."

शिमगा जवळ आला. वणीचा व्यापारी पिकअप घेऊन धुऱ्याशी उभा राहिला. अर्धं गाव जमलं होतं, खाली माल आहे की नुसती माती, ते बघायला. मामांचा चेहरा उतरलेला होता. बाया पहिल्या सरीत शिरणार, तोच त्यांनी हात आडवा धरला.

"ह्या सरीले हात नाई लावाचा. हे विकाऊ नाई."

"मामा, तुमीच तं म्हणता धंदा हाय," व्यापारी म्हणाला.

"धंदा दुसऱ्या सरीपासून."

एवढ्यात मामांचा पुतण्या बैलबंडी हाकत आला. बंडीत गादी, गादीवर मामी. आम्ही दोघांनी त्यांना उतरवून सरीशी बसवलं. माती मामांनी आधीच फावड्याने सैल करून ठेवली होती. "तुया माहेरी पयली सरी घरच्या लेकीनं काढाची असते ना," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मंग काढ."

मामींनी मातीत हात घातला. हात वर आला तेव्हा मुठीत न मावणारा आलू होता. मग दुसरा, मग तिसरा. मामींनी माती झटकून त्याचा वास घेतला, पदरात टाकला आणि शेजारच्या बाईला सांगायला लागल्या, की भावाच्या वावरात त्या लहान असताना एकदा काय झालं. त्या थांबेचनात. दोन वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर येत होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"मामा, आता तं भोंगा वाजवा," व्यापारी म्हणाला.

मामांनी गालांना हात लावले, डोळे मिटले. नुसती हवा निघाली. त्यांनी हेल्मेट काढलं, खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "धूळ गेली घशात," ते म्हणाले.

मामींनी गोष्ट अर्ध्यावर सोडली, मातीचे दोन्ही हात गालांना लावले आणि भोंगा वाजवला. मामांच्यापेक्षा तो बराच आखूड होता, पण बाया लगेच दुसऱ्या सरीला लागल्या.