नानांचा हॉर्न आणि दिल्लीला गेलेला पाळणा

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि शहाण्या माणसाने ठेवूही नये. पण सावद्याच्या पितांबर नानांनी आपल्या टीचभर गाडीचा हॉर्न घरच्या घरी बदलला आणि त्यापायी तिकडे बऱ्हाणपूरच्या नाक्यावर केळीचे ट्रक अडकून पडले, ही गोष्ट चोपड्यात अजून सांगतात. सांगणारे थोडं तिखटमीठ लावतात. आम्ही लावणार नाही. नानांनी मुळातच इतकं लावून ठेवलंय की आणखी लावलं तर घशाखाली उतरायचं नाही!

नाना म्हणजे रिटायर वायरमन. उभा जन्म खांबावर गेला. खाली उतरल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी तशी गुणाची होती, पण हॉर्न म्हणजे सर्दी झालेल्या शेळीची शिंक. रस्त्यातल्या म्हशी तो ऐकून बाजूला व्हायच्या सोडून मागे वळून नानांकडे कीव करत बघायच्या.

म्हशींचं नानांनी सोसलं. पण दिवाळीत ते लेकीकडे, प्राचीकडे, चोपड्याला गेले आणि दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवत बसले, तर आतून कोणी बाहेर येईना. शेवटी आपणच उतरून आत गेले, तेव्हा विहीण प्रमिलाबाई म्हणाल्या की आम्हाला वाटलं शेजारच्या पोराची खेळण्यातली गाडी वाजतेय. सगळं घर हसलं. नानांची बायको द्रौपदाबाई तर तोंडाला पदर लावून हसल्या. आणि लोक हसले तर माणूस विसरतो, बायको हसली तर ते हाडात जाऊन बसतं. त्याच दिवशी नानांनी ठरवलं, पुढच्या वेळी आपण आलो की अख्ख्या गल्लीला कळलं पाहिजे.

पुढची वेळ लवकरच आली. प्राचीला मुलगी झाली, नामकरणाचा दिवस ठरला. पाळणा आजोळचा. तोही साधासुधा नाही, प्राची स्वतः ज्यात वाढली तो सागवानी पाळणा. द्रौपदाबाईंनी त्याला नवं पॉलिश करून घेतलं होतं, चारी पितळी कड्या चिंचेने लख्ख घासल्या होत्या. कडीकडीला घुंगरं. त्या घुंगरांच्या आवाजाशिवाय प्राची लहानपणी डोळा मिटायची नाही, हे त्यांनी चोपड्यातल्या झाडून सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं.

मदतीला म्हणून द्रौपदाबाई एसटीने पुढे गेल्या. जाताना नानांना एकच काम सांगितलं.

"बुद्धवंदना झाली की बाळाला त्याच पाळण्यात घालायचंय. दुपारच्या आत पाळणा पोचला पाहिजे. बाकी काही विसरलात तरी चालेल. स्वतः यायचं विसरलात तरी चालेल."

एसटी गेली आणि नाना तडक गफूरच्या दुकानात. गफूर गाड्यांची वायरिंगची कामं करायचा. त्याच्याकडे एका ट्रकचा काढून ठेवलेला दोन भोंग्यांचा हॉर्न होता. तो त्याने दिला, पण वर समजावलं की नाना, हा वजनाला भारी आहे, तुमच्या गाडीत बसवायला वेगळी लोखंडी पट्टी लागेल, गाडी इथे सोडून जा, मी परवापर्यंत करून देतो. नानांना परवा नको होता, उद्या सकाळ हवी होती. आणि ज्याने गावाला उजेड दिला त्याला हॉर्न बसवायला कोण शिकवणार? भोंगे काखोटीला मारून ते घरी आले.

सकाळी कामाला लागले. वायरी जोडणं हा नानांच्या डाव्या हातचा मळ, ते चटकन झालं. पण हॉर्न जागेवर राहीना. तारेने बांधला, तार तुटली. द्रौपदाबाईंची कपडे वाळत घालायची दोरी कापून बांधला, तर दोरी इतकी ताणली की भोंगे जमिनीला टेकले. नाना बॉनेटमध्ये डोकं घालून इकडेतिकडे बघत होते आणि ओट्यावर पाळणा तयार उभा होता. त्याच्या चार कड्या उन्हात चमकत होत्या. कड्यांना वर आकडे, खाली आकडे. नानांनी भोंग्यांच्या भोकांकडे पाहिलं, आकड्यांकडे पाहिलं. जणू एकाच सोनाराने दोन्ही घडवलं होतं!

नुसतं वाजवून बघायला म्हणून त्यांनी कड्या काढल्या आणि हॉर्न गाडीच्या पोटात पाळण्यासारखाच टांगला.

पहिल्या दणक्याला शेजारचा कोंबडा जो गप्प झाला तो दोन दिवस आरवला नाही. समोरच्या तानुबाईंच्या पत्र्यावर मिरच्या वाळत होत्या, त्या म्हणे जागच्या जागी कुटल्या गेल्या. आणि हॉर्न थांबला की मागून घुंगरं वाजायची, छुन छुन छुन. आधी वाघ डरकाळी फोडतोय आणि वाघामागून पोळ्याचा बैल येतोय, असा काही तो आवाज होता. नानांचे डोळे भरून आले.

इथवर सगळं झकास होतं. मग नानांनी कड्या सोडवायला घेतल्या. एक कडी सुटली मात्र, भोंगा थेट रेडिएटरच्या पंख्यावर जाऊन बसला. कडी पुन्हा लावली, भोंगा वर आला. म्हणजे कड्या काढल्या तर गाडी निघत नाही, आणि गाडी निघाली तर पाळण्याला कड्या नाहीत. ऊन चढत चाललं होतं. पाळणा दोरीने टांगता आला असता, पण द्रौपदाबाईंचा पहिला प्रश्न कड्या कुठे हाच असणार. नाना ओट्यावर बसले आणि त्यांनी डोकं चालवलं. पाळणा दिसला तर कड्या विचारतील. पाळणाच नसला तर कड्या कोण विचारणार?

पाळणा घरात नेऊन गोधडीखाली झाकला आणि नाना निघाले.

यावलपर्यंत ते राजासारखे गेले. ट्रॅक्टर बाजूला झाले, म्हशी तर शेतात उतरल्या. यावल सोडलं तसं रिकामं मागचं सीट पाठीला टोचायला लागलं. किनगावला गोष्ट रचायला सुरुवात केली, अडावदला ती पुरी झाली, आणि चोपडा येईतो त्यांना स्वतःलाच ती खरी वाटायला लागली होती.

आता नशीब बघा. ज्या गल्लीत हॉर्न दणाणावा म्हणून एवढा खटाटोप, त्या गल्लीच्या तोंडाशीच नानांनी इंजिन बंद केलं. गाडी उतारावरून चोरपावलांनी दाराशी आणली. दिवाळीत निदान हॉर्न तरी वाजला होता!

मांडवात वंदना आटोपली होती. पाहुणे वरण-बट्टीच्या पंगतीला बसायला लागले होते. बाळ आतल्या खोलीत प्राचीच्या मांडीवर टाहो फोडत होतं. पाळणा टांगायला आडव्या दांडीला झेंडूची माळ बांधून झाली होती आणि माळेखाली काहीच नव्हतं. व्याही उखर्डू आबा पुढे आले. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं, पाळणा दिसेना.

"नाना, पायना कोठे शे?"

द्रौपदाबाईंनी मागचं दार उघडून रिकाम्या सीटवर हात फिरवून पाहिला. ते जास्त वाईट होतं.

"तुमचा कोणाचा विश्वास बसणार नाही," नाना म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. यावलच्या पुढे एका ट्रॅक्टरने वाट अडवली, म्हणून त्यांनी नवा हॉर्न वाजवला. केळीच्या पट्ट्यात व्यापाऱ्याचा ट्रक बांधावर आला की हॉर्न देतो, आणि बागेतली कापणीची माणसं माल घेऊन धावतात, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक. नानांचा हॉर्न तर ट्रकचाच. आवाज ऐकताच दोन्ही अंगच्या बागांतून माणसं डोक्यावर केळीचे घड घेऊन धावत आली आणि त्यांनी नानांची गाडी भरायला घेतली. नानांनी हात जोडले, अरे बाबांनो हा ट्रक नाही. मुकादम म्हणाला, हॉर्न ट्रकचा आहे ना, मग आम्ही भरणार. जागा करायला त्यांनी पाळणा बाहेर काढला. रिकामा कशाला ठेवायचा म्हणून त्यातही घड ठेवले, खाली केळीचं पान अंथरून, अगदी बाळ निजवतात तसे. तेवढ्यात खरा ट्रक आला. घड ट्रकमध्ये, पाळणा ट्रकमध्ये. नाना मागे धावले, पण ट्रक गेला.

"कुठे गेला?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"दिल्लीला," नाना म्हणाले.

मांडवात चुकचुकाट झाला. एका म्हाताऱ्याने तर केळीवाले असेच असतात म्हणून दोन उदाहरणंही दिली. नानांच्या पुढ्यात पान आलं, पानावर तुपात भिजलेली बट्टी आली. आपण वाचलो असं समजून नानांनी पहिला घास घेतला.

पण ते एक विसरले होते. उखर्डू आबांनी हयातभर केळीची दलाली केली होती. दिल्लीचा ट्रक म्हणजे सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, दुसरा रस्ता नाही. आणि बऱ्हाणपूरच्या नाक्यावर चहाची टपरी चालवणारा हसीब त्यांचा जुना दोस्त. आबांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पंगतीच्या मधोमध उभं राहून केळीचे झाडून सगळे ट्रक अडवायचा हुकूम सोडला, "हसीब, केळीना बठ्ठा ट्रक थांबाड. नातना पायना शे त्याम्हा!"

नानांनी हातातला दुसरा घास पानात परत ठेवला. ते म्हणाले, राहू द्या हो आबा, कशाला त्रास, नवीन घेऊ. आबा म्हणाले, नाना, तुम्ही आमचे व्याही आहात, तुमचा पाळणा म्हणजे आमची अब्रू.

थोड्याच वेळात हसीबचा फोन आला. ट्रकांची रांग लागली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवून शिव्या देत होते, आणि एका ट्रकमध्ये, केबिनच्या मागे, पाळणा सापडला होता.

"सापडना!" आबांनी मांडवाला सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नाना मात्र उभ्या जन्मात तारेचा झटका बसूनही पडले नव्हते इतके पांढरे पडले. आपली थाप खरी निघालेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

फोनवर मागून एक माणूस कळवळून बोलताना ऐकू येत होता. पाळणा माझा आहे, माझ्या लेकीसाठी घेऊन चाललोय, मुलगी झालीय मला, असं काहीसं. हसीब म्हणाला की चोर रडतोय, पण लोकांनी धरून ठेवलाय, पोलिसांना बोलवू का?

"नको!" नाना ओरडले. "तो आपला पाळणा नाही. मला माहितेय."

"फोनवरून दिसला तुम्हाला?" द्रौपदाबाईंनी विचारलं. आल्यापासून त्यांचं हे पहिलंच वाक्य. मग त्यांनी आबांच्या हातून फोन घेतला. "हसीबभाऊ, त्याच्या कड्या हलवून बघा. आमच्या कड्यांना घुंगरं आहेत."

सगळा मांडव कान देऊन थांबला. फोनमधून नुसता खडखडाट आला. घुंगरं काही वाजली नाहीत.

"चोराने काढून टाकली असतील," कोणीतरी म्हणालं.

तेव्हा जावई दीपक उठला. म्हणाला, मी आत्ता बऱ्हाणपूरला जाऊन बघून येतो, नानांची गाडी दारातच आहे. नानांनी पेट्रोल नाही म्हणून सांगितलं, ब्रेक नाहीत म्हणून सांगितलं, शेवटी गाडीच माझी नाही इथपर्यंत मजल गेली. द्रौपदाबाईंनी शांतपणे नानांच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि जावयाला दिली.

"जावईबापू," नाना मागून म्हणाले, "हॉर्न तेवढा वाजवू नका. बाळ दचकेल."

दीपक गुणाचा मुलगा. त्याने नसताच वाजवला. पण दारासमोर गाडीच्या पुढ्यात एक शेळी येऊन उभी राहिली आणि हलेना. त्याने दोनदा हातवारे केले, तोंडाने हाकललं, आणि मग नाइलाजाने बटण दाबलं.

मांडवाचा एक खांब तिरका झाला. पंगतीतल्या वरणावर लाटा उठल्या. शेळी थेट अडावदच्या दिशेने गेली. आणि डरकाळी थांबल्यावर, त्या शांततेत, गाडीच्या पोटातून अगदी नाजूक आवाज आला.

छुन छुन छुन.

आतल्या खोलीत बाळ रडायचं थांबलं. प्राची बाळाला घेऊन दारात आली. तिने गाडीकडे पाहिलं, मग आईकडे, मग वडिलांकडे. नाना पानावर खाली बघून बट्टी कुस्करत होते. इतकी बारीक बट्टी खानदेशात कोणी कधी कुस्करली नसेल.

फोन अजून चालूच होता. पलीकडून हसीब विचारत होता की काय करू, याला सोडू का धरून ठेवू?

द्रौपदाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"सोडा त्याला, भाऊ. वर चहा पाजा आणि आमच्या वतीने माफी मागा. दिल्लीला गेलेला पाळणा इथे दारात वाजतोय, आणि तो नेणारा माझ्यासमोर बसून बट्टी खातोय."