भिंगरीच्या पलंगावरची आगगाडी

लिफ्टच्या कामात माझं उभं आयुष्य गेलंय, त्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो: मी वर चढवलेली वस्तू माझ्या परवानगीशिवाय खाली येत नाही! माणसं, कपाटं, एकदा तर एक बँक मॅनेजर तिजोरीसकट वर नेलाय मी. त्यामुळे घरातल्या छोट्या खोलीत खेळण्यातली आगगाडी मांडायचं ठरवलं तेव्हा मला अडचण अशी दिसलीच नाही. ती दिसली आमच्या हिला.

"त्या खोलीत भिंगरीचा पलंग आहे."

"पण भिंगरी कुठाय?"

"येईल."

भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक लेक. नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, आणि दर फोनवर "पुढच्या महिन्यात नक्की येते" म्हणते. कोणत्या महिन्याच्या पुढच्या, ते काही सांगत नाही. ही मात्र दर आठवड्याला त्या पलंगाची चादर बदलते. कुणीही न झोपलेली चादर काढायची, धुवायची, इस्त्री करून परत घालायची! मी एकदा म्हटलं, "अगं, मळलीय कुठे?" तर दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

आता माझंही ऐका. लहानपणी शाळेच्या वाटेवर एका दुकानाच्या काचेत आगगाडी फिरायची. हिरवं इंजिन आणि मागे लाल डबे. मी काचेला नाक लावून उभा राहायचो आणि वडील म्हणायचे, "पुढच्या वेळी घेऊ हं." ती पुढची वेळ काही आली नाही. दुकान गेलं, वडील गेले, माझं नाक तेवढं चपटं राहिलं. आता केस पिकल्यावर तरी ती गाडी हवी होती हो मला! फार हवी होती.

"पलंग हलणार नाही," मी हिला वचन दिलं. "गाडी राहील वर, छताला. खेळायचं तेव्हा खाली घ्यायची, भिंगरी आली की वर. लिफ्टच म्हण ना!"

"आणि पडली म्हणजे?"

"कुणाची? माझी लिफ्ट?" मी असा काही हसलो की तिने पुढे विचारलंच नाही.

झालं! पलंगाएवढी प्लायवूडची फळी आणली. त्यावर गोल रूळ, एक स्टेशन, आणि बोगद्यासाठी प्लास्टरचा डोंगर. डोंगर करताना हात जरा सैल सुटला आणि तो गोलाच्या मधोमध पसरून भलताच जड झाला. चार कोपऱ्यांना चार दोर, छताला कप्प्या, आणि सगळे दोर एकत्र करून दाराआड सोडले. आता लिफ्टचं गुपित सांगतो. लिफ्ट अधांतरी राहते ती दुसऱ्या टोकाला बरोबरीचं वजन असतं म्हणून. वजन नेमकं जमलं की करंगळीने सगळा डोलारा वर-खाली करा!

पण त्या डोंगराच्या तोडीचं वजन आणायचं कुठून? घरभर फिरलो. शेवटी भिंगरीच्या कपाटात सापडलं. ती इमारती बांधायचं शिकत होती तेव्हाची पुस्तकं, एकेक पुस्तक विटेसारखं! सगळी एका कॅनव्हासच्या पिशवीत भरली आणि दाराआड दोराला टांगली. काय सांगू, तराजूसारखं जमलं!

ही केर काढायला आली आणि पिशवीपाशी थबकली.

"तिची पुस्तकं टांगून ठेवलीत? वाळवी लागू नये म्हणून?" तिचे डोळे भरून आले. "आणि मला वाटायचं, लेक गेल्याचं तुम्हाला काहीच नाही."

अशा वेळी कोणता नवरा खरं बोलेल, तुम्हीच सांगा! मी म्हटलं, "हं. वाळवी फार वाईट."

त्या दिवशी मला दोनदा चहा मिळाला.

मग उजाडला रविवार. फळीच्या पोटातली, स्टेशनच्या दिव्याची तार सुटली होती. मी फळी अर्ध्यावर आणली आणि खाली पलंगावर उताणा पडून तार जोडू लागलो. अशा वेळी दोर आधी कडीला बांधायचा, हा नियम मी इतरांना ओरडून ओरडून शिकवलाय. पण म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम! वर गाडीही चालूच ठेवली होती.

तेवढ्यात ही भिंगरीशी व्हिडिओ कॉलवर बोलत आत आली. "हो गं, आत्ता देते. कुरिअरवाला दारात उभाच आहे." फोन तिने खिडकीत उभा करून ठेवला आणि दाराआड गेली. आणि माझ्या नाकावरची फळी बोटभर खाली आली.

"काय करतेस गं?"

"भिंगरीला पुस्तकं हवीत. कामाला लागतात म्हणे. तुमचं चालू द्या."

फळी आणखी खाली!

"काढू नकोस! आधी परत ठेव!"

"असं काय करता?" तिचा आवाज ओला झाला. "मला का वाईट वाटत नाही? पुस्तकं मागितली म्हणजे पोरगी तिकडेच राहणार, एवढं कळतं मला. पण द्यायला तर हवीत ना?"

"द्यायची नाहीत! एकही देऊ नकोस! मी मरेन इथे!"

"असं अभद्र बोलू नये. मन घट्ट करा," ती हुंदका देत म्हणाली, आणि तिने उरलेली सगळी पुस्तकं एकदम उचलली.

रिकामी पिशवी सुर्रकन छताला गेली. डोंगर, स्टेशन, बोगदा, सगळं माझ्या छातीवर बसलं! मी ओरडायला तोंड उघडलं तर त्यात तार. बाहेर फक्त माझे पाय. आणि वर, अगदी माझ्या पोटावरून, गाडी शिट्टी मारत फिरतेय!

"आई," फोनमधून भिंगरीचा आवाज आला, "पलंगावर ते पाय कुणाचे?"

शेवटी कुरिअरवाल्याने आणि हिने मिळून मला ओढून काढलं. भिंगरी तिकडे हसून हसून बेजार. मग एकदम म्हणाली, "आई, ती माझी निळी चादर आहे?"

"कालच बदलली," ही म्हणाली.

पुस्तकं गेली. आता फळी वर राहणार कशी? इस्त्री बांधून पाहिली, पिठाचा डबा बांधून पाहिला. छे! शेवटी हीच म्हणाली, "राहू द्या खाली. ती काही लगेच येत नाही."

आता यावर मी नाचायला हवं होतं. जन्मभर हवी असलेली गाडी, हक्काच्या जागेवर, तेही बायकोच्या परवानगीने! पण माझ्या तोंडून काय निघालं? "खाली कशी ठेवायची? अचानक आली तर झोपेल कुठे?"

हिने माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि दोराला हात घातला. दोघांनी मिळून फळी छतापर्यंत ओढली आणि दोर खिडकीच्या गजांना बांधला. हिने चादर झटकली. त्या ओढाओढीने दोघांनाही इतकी धाप लागली की फळी परत उतरवायला नकोच वाटतं. म्हणजे बघा, गाडी आली आणि चालवणं बंद!

परवा भिंगरीने विचारलं, "बाबा, गाडी धावते ना?"

"म्हणजे काय! एकदम जोरात!"

हिने फोन हिसकावला. "थापा मारतायत. तुला अडचण नको म्हणून वर बांधून ठेवलीय."

 मग भिंगरी हळूच म्हणाली, "बाबा, खाली घ्या ती. मी आले की रुळांच्या मधोमध झोपेन."

आता पोरगी म्हणाली खरी, पण गोलाच्या मधोमध तर तो डोंगर! कालपासून मी करवतीने तो कापतोय, सगळ्या घरात प्लास्टरचा भुगा झालाय आणि ही केर काढता काढता माझा उद्धार करतेय. उशीपुरती जागा झाली. स्टेशनही जरा बाजूला सरकवलं, कारण आमची भिंगरी झोपेत लाथा मारते. आता फक्त ती यायची राहिलीय.