आठ वर्षांचा बाबा

चष्म्याच्या दुकानात मी आयुष्यभर लोकांना भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यांत खालची ओळ वाचायला लावली. तेव्हा मोबाइलवर एक साधं खातं उघडणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! असं मी बायकोला छाती ठोकून सांगितलं.

खातं हवं होतं ते लेकीसाठी. नोकरीपायी ती दूर गेली आणि घर खायला उठलं. फोन केला की, "बाबा, कामात आहे, नंतर करते." तो 'नंतर' काही उगवत नसे. पण संध्याकाळी ती मोबाइलवर बागेचा कसलासा खेळ खेळते, असं बायकोकडून कळलं. म्हटलं, ती घरी येत नाही ना, मग आपणच तिच्या बागेत जाऊ!

"आधी चष्मा लावा," बायको म्हणाली.

"चष्मेवाल्याला चष्मा शिकवतेस?"

अटींचं भलंमोठं पान आलं. मान्य! आणखी एक आलं. तेही मान्य! लग्न झाल्यापासून सवयच आहे. मग जन्मसाल. लेकीच्या मित्रमैत्रिणींत म्हातारा दिसायला नको, म्हणून दहाएक वर्षं कमी करायला गेलो. बोट लावलं मात्र, सालांचं चाक गरगर फिरलं आणि कुठेतरी जाऊन थांबलं. मान्य!

पडद्यावर ठळक अक्षरं आली: 'तुमचं वय आठ वर्षं आहे. पालकांची संमती आवश्यक. पालकांचा ईमेल द्या.'

मी ते बायकोला वाचून दाखवलं. आईवडील जाऊन किती काळ लोटला! 'खेळायला जाऊ का?' असं विचारायला आता कोणी उरलं नाही, हे असं कधी जाणवलंच नव्हतं.

"अहो, तुम्हाला रागावतं कोण?" बायकोने विचारलं.

"तू!"

"मला ईमेल नाही. दुसरं कोण?"

लेकीचा ईमेल घातला.

थोड्याच वेळात फोन! भर कामाच्या वेळी, आणि तिचा आपणहून!

"बाबा, 'तुमच्या पाल्याला खेळायचं आहे' असा मेल आलाय! मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पडद्यावर उघडला! आठ वर्षांचं मूल लपवून ठेवलं म्हणून साहेब रुसलेत!"

"अगं, ते मूल म्हणजे मी."

ती इतकी हसली की मलाच राहवेना. "तुझी फार आठवण येते गं. म्हटलं, तिथे तरी भेटशील."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"देते संमती. पण रोज अर्धा तासच! आणि अनोळखी माणसांशी बोलायचं नाही!"

संध्याकाळी ती बागेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभी होती. दोघांनी झाडांना पाणी घातलं. गवत समजून मी तिचे टोमॅटो उपटले. एवढ्यात पडदा काळा! 'आजची वेळ संपली. आणखी वेळ हवा असल्यास पालकांशी बोला.'

मी आज्ञाधारक मूल. लगेच फोन लावला.

"नाही म्हणजे नाही, बाबा!" ती म्हणाली. आणि का नाही, हे समजावून सांगायला तिला पाऊण तास लागला.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. जन्मसाल दुरुस्त करायची सोय त्या खात्यात आहे म्हणे, कुठेतरी तळाशी, बारीक अक्षरांत. चष्मा लावला, तरी मला काही ती दिसत नाहीत बुवा!